नवा संघ, नवे चाहते?

प्रश्न : ऑस्ट्रेलियातील रग्बी लीग स्पर्धेत नवा संघ आला की चाहते खरोखर वाढतात, की आहेत तेच वाटले जातात? (एक वाचक, ब्रिस्बेन)

उत्तर : संघ कोठे उभा राहतो, यावर ते अवलंबून आहे. आपल्याच शहरात 2023 साली डॉल्फिन्स हा सतरावा संघ म्हणून उतरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने सिडनी रूस्टर्सला 28-18 असे हरवले. मात्र ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफचा हा क्लब मुळात 1947 पासूनचा असल्याने, त्या दिवशी जल्लोष करणाऱ्या अनेकांना हा खेळ मुळीच नवा नसणार. मेलबर्नची गोष्ट निराळी. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल या वेगळ्याच खेळाच्या त्या बालेकिल्ल्यात 1998 मध्ये स्टॉर्म संघ आला, त्याला प्रेक्षक घडवावे लागले, आणि दुसऱ्याच हंगामातील विजेतेपदाने ते काम सोपे केले (अशी जाहिरात पैसे मोजून मिळत नाही!). म्हणून माझ्या मते पहिल्या वर्षाची गर्दी मोजण्यापेक्षा, संघ ओळीने हरत असताना पावसाळी संध्याकाळी मैदानावर कोण येते, ते पाहावे. पर्थमध्ये 1995 मध्ये आलेला वेस्टर्न रेड्स संघ तीनच हंगामांत बंद पडला; एवढ्या अवधीत एक पिढीही त्या रंगांत वाढू शकत नाही.