सातव्या दिवशी पायाचे टाके काढावेत का? आणि भरीत बंद करावं का?

तुमच्या वडिलांच्या नडगीला विळा लागलाय, टाके पडून आज सातवा दिवस, आणि ते 'काढून टाका' म्हणून मागे लागलेत. थांबवा त्यांना. ही घाई मी करून बसलोय.

यावलकडे आमची केळी आहे. घड कापताना विळा निसटला, नडगीला सहा टाके पडले. शेजारच्या पोराच्या कपाळाचे पाचव्या दिवशी निघाले, मग माझे का नाही, म्हणून सातव्या दिवशी हट्टाने काढून घेतले. वरून कातडी छान जुळलेली दिसत होती. दोन दिवसांनी बांधावर उकिडवा बसलो आणि जखम मधोमध उकलली. पुढे तीन आठवडे ड्रेसिंग.

चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथले टाके साधारण ५ दिवसांत निघतात. डोक्याचे ७ ते १०, पायाचे १० ते १४. शुगर असेल तर डॉक्टर आणखी थांबायला सांगतात. विरघळणारे टाके असतील तर काढायचेच नसतात, तेवढं विचारून घ्या.

भरताचं म्हणाल तर वांग्याने पू होत नाही, जंतूंनी होतो. माझ्या आईने ऐन थंडीत माझं भरीत तोडलं होतं; शेतात काड्यांवर वांगी भाजतायत आणि मी वरणभात चिवडतोय! डॉक्टर हसले, म्हणाले, भरीत खा, सोबत डाळ, दूध, अंडी वाढवा. बंद करायचीच तर तंबाखू करा, तिने जखम भरायला खरंच उशीर होतो.

पहिले दोन दिवस जखम कोरडी ठेवतात. ते तुमचे झालेत, तेव्हा डॉक्टरांनी हो म्हटलं की साध्या साबणाने, वाहत्या पाण्याने धुवायची आणि स्वच्छ कापडाने टिपायची, चोळायची नाही. हळद, राख काही भरू नका. विहिरीत, पाटात पाय बुडवायचा नाही. बसताना पाय उशीवर घ्या, सूज कमी राहते. विळा मातीतला, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा.

कडेची बारीक गुलाबी रेघ चालते. लाली रोज पसरत असेल, ठणका वाढत असेल, पू, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

टाके निघाले तरी आतली वीण कच्चीच असते. तीन महिन्यांनीही कातडीला मूळच्या सुमारे ८० टक्केच ताकद येते. दुसऱ्यांदा जखम भरल्यावर महिनाभर मी घडाला हात लावला नाही, बांधावर खुर्ची टाकून नुसता हिशोब लिहीत बसलो.