परसबागेचे प्रश्न: सूर्यकंद लावावा कुठं आणि खावा किती

मागच्या वेळी मी आमच्या परसातल्या आठ फुटी पिवळ्या फुलांच्या झाडाबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, मेसेजच मेसेज आलेत. त्यामुळं कढीपत्त्यावरच्या अळ्या आणि न फळणारा लिंबू पुढच्या अंकात, या वेळी फक्त जेरुसलेम आर्टिचोक. आमच्या घरात एवढं लांबलचक नाव कुणी घेत नाही, आम्ही त्याला सूर्यकंद म्हणतो, इथंही तेच लिहिते.

प्रश्न: ताई, भाच्यानं ऑनलाइन जेरुसलेम आर्टिचोक म्हणून अर्धा किलो कंद मागवलेत. पार्सल उघडलं तर हे आलंच दिसायलंय. फसवलं का आम्हाला? (जालन्याहून एक वाचक)

नाही हो, कंद बरोबर आहेत, घोळ नावात आहे. याचा जेरुसलेमशी काही संबंध नाही आणि खरं आर्टिचोक म्हणजे काटेरी फुलाची कळी, ती वेगळीच. हा आपल्या सूर्यफुलाचा सख्खा चुलतभाऊ, शास्त्रीय नाव हेलियान्थस ट्यूबरोसस, मूळचा उत्तर अमेरिकेतला. १६०५ साली सॅम्युअल द शाम्प्लेन नावाच्या फ्रेंच प्रवाशाला तो केप कॉडजवळ तिथल्या मूळ लोकांच्या शेतात दिसला, त्यानं खाऊन बघितला आणि चव आर्टिचोकसारखी आहे म्हणाला, तेव्हापासून ते नाव चिकटलं. जेरुसलेमचं असं सांगतात की इटालियनमध्ये सूर्यफुलाला गिरासोले म्हणतात, त्याचाच बोलता बोलता अपभ्रंश झाला. आलं आहे का हे बघायचंच असेल तर एक कंद मोडून वास घ्या. आल्याचा वास लपत नाही, हा मोडला की काकडी मोडल्यासारखा कट्कन आवाज येतो आणि आतून पांढरा, पाणीदार निघतो.

प्रश्न: आमची जमीन काळी भारी. कधी लावावं, किती खोल लावावं? गेल्या साली जुलैत लावलेले सगळे कंद कुजले. (परभणी)

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपल्याकडं लोकांना वाटतं की मराठवाडा म्हणजे पाण्याचे हाल, तर झाड पाण्यावाचून जाईल, पण हे झाड पाण्यावाचून नाही जात, साचलेल्या पाण्यानं जातं. काळ्या रानात चार दिवस झड लागली की खाली चिखलाचा गोळा होतो आणि कंदाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. माझे पहिल्या वर्षीचे बारापैकी सात असेच गेले, उकरून बघितले तर हाताला नुसता बुळबुळीत लगदा.

आता मी असं करते. मे महिन्यात एक फूट उंच गादीवाफा, त्यात निम्मी परसातली माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि बारीक मुरूम नाहीतर जाड वाळू. पहिला चांगला पाऊस होऊन वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली की लावायचं, म्हणजे साधारण जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. कंद अंड्याएवढा, दोन-तीन डोळे असलेला घ्या आणि अख्खा लावा, बटाट्यासारखा कापून लावला तर आपल्या पावसाळ्यात कापलेल्या बाजूनं कुजतो. खोली चार बोटं ते वीतभर यांच्या मधली, म्हणजे १० ते १२ सेंटीमीटर. दोन कंदांत दीड फूट आणि दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवा, सुरुवातीला ते लई वाटतं, ऑगस्टमध्ये कमी वाटायला लागतं. रोप फूटभर झालं की बुडाशी मातीची भर द्या.

अजून एक, बुंध्याशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे दाणे दिसले तर ते झाड खालच्या मातीसकट उचलून लांब टाका. भुईमुगाला, सोयाबीनला जी बुरशी लागते तीच ही. त्यामुळं जिथं भुईमूग असा मर लागून गेला असेल तिथं सूर्यकंद लावूच नका. शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून टाकलं तर बरं पडतं, पण पाण्याचा निचरा नसेल तर त्याचाही उपयोग होत नाही.

प्रश्न: झाड नऊ फूट गेलंय, वाऱ्यानं आडवं पडलं, आणि उकरून बघितलं तर खाली करंगळीएवढ्या गाठी. काय चुकलं? (बीड)

युरिया टाकलाय ना? खरं सांगा. नुसता पाला वाढतो त्यानं. दुसरं म्हणजे तुम्ही घाई केली, तुम्ही पाठवलेल्या फोटोत फुलं ताजी दिसतात. कंद खरा भरतो तो फुलं आल्यावर आणि नंतर, दिवस लहान व्हायला लागले की. आणि नेमका त्याच वेळी, म्हणजे दसरा ते दिवाळी, आपल्याकडं पाऊस निघून गेलेला असतो आणि लोक म्हणतात आता झाड झालं मोठं, पाणी कशाला. तेव्हाच आठवड्याला एक-दोनदा बुडाशी चांगलं भिजवा. बाकी वर्षभर विसरलात तरी चालेल, ते दिवस विसरू नका. उंचीचं म्हणाल तर छातीएवढं झालं की शेंडा खुडायचा, आणि चारी बाजूंनी बांबू लावून सुतळी ओढायची.

प्रश्न: टेरेसवर जमेल का? (छत्रपती संभाजीनगर)

जमतं. चाळीस-पन्नास लिटरचा ड्रम, खाली भोकं, एका ड्रमात एकच कंद. वारा अडेल अशा कोपऱ्यात ठेवा.

प्रश्न: काढून टोपलीत ठेवले तर आठवड्यात सुरकुतले. बटाट्यासारखे टिकत नाहीत का? (लातूर)

नाही टिकत. बटाट्याची साल जाड असते, याची एकदम पातळ, पाणी लगेच उडून जातं. म्हणून सगळे एकदम काढायचेच नाहीत. पाला वाळला, डिसेंबर लागला, की लागतील तसे उकरायचे, जमीन हेच याचं कोठार. पण हे फेब्रुवारीपर्यंतच हं, पुढं आपलं ऊन तापतं, काळ्या मातीला भेगा पडतात आणि आतले कंद खारकेसारखे होतात. बियाण्याचे चांगले कंद तेव्हाच काढून, न धुता, ओलसर वाळूत घालून भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा जूनपर्यंत. याचा दुहेरी फायदा आहे, कारण हा थंड मुलखातला कंद, त्याला काही आठवडे गारवा मिळाल्याशिवाय डोळा नीट फुटत नाही. जानेवारीत काढून लगेच परत लावला आणि उगवलाच नाही म्हणून दोघी-तिघींनी लिहिलंय, त्याचं कारण हेच.

प्रश्न: सासऱ्यांना शुगर आहे, कुणीतरी सांगितलं बटाट्याऐवजी हे द्या. पण घरात सगळ्यांचं पोट फुगलं! (नांदेड)

अगं बाई, याच्यावर माझी स्वतःची एक गोष्ट आहे. आमच्याकडं येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात भज्जी असते, पंचवीस-तीस माणसं जेवायला. पहिल्याच वर्षी मी हौसेनं दोन किलो सूर्यकंद चिरून भज्जीत टाकले. आधीच त्यात तूर, हरभरा, वाटाणा, वर बेसन, त्यात हे. चव सगळ्यांना आवडली, लोकांनी मागून मागून घेतली, आणि दुपारी कडब्याच्या गंजीच्या सावलीला लोळलेली मंडळी एकेक करून उठून लांब जायला लागली. थोरल्या जाऊबाई अजून दरवर्षी विचारतात, तुझं ते आलं नाही ना टाकलं.

कारण असं आहे की बटाट्यात स्टार्च असतो, यात इन्युलिन. ते पचवायचा रस आपल्या पोटात नाही, मग ते तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात, त्याचा गॅस. म्हणून पहिल्यांदा माणशी दोन-तीन फोडी, बस. आठवडाभर थोडं थोडं खाल्लं तर बऱ्याच जणांना सवय होते. फोडी लिंबू पिळलेल्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळून ते पाणी ओतून दिलं की त्रास पुष्कळ कमी होतो. हिंग-ओवा घाला हवं तर, पण त्याच्या भरवशावर वाटीभर खाऊ नका. आणि ज्यांना आयबीएस, म्हणजे आतड्याचा सारखा पोट दुखण्या-बिघडण्याचा आजार आहे त्यांनी याच्या नादी लागू नये.

आता सासऱ्यांचं. इन्युलिननं साखर बटाट्यासारखी चढत नाही हे खरं आहे. पण लिंबाच्या पाण्यात जास्त उकळलं की त्याच इन्युलिनची थोडी फळातली साखर होते, म्हणजे पोटाला सोपं करायला जावं तर दुसरीकडं थोडं द्यावं लागतं. तेव्हा भाजी म्हणून बेतानं द्या, औषध म्हणून नको, आणि गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करायच्या नाहीत. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर काही पाठवलं तरी.

प्रश्न: तीन वर्षांपूर्वी चार कंद लावले होते, आता मेथीच्या वाफ्यात, पायरीपाशी, सगळीकडं उगवायलंय. कसं घालवू? (धाराशिव)

हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं, चूक माझी. मातीत सुपारीएवढा तुकडा राहिला तरी त्याचं झाड होतं. रोटावेटर फिरवू नका, एकाचे दहा तुकडे होतील. कुदळीनं उकरून वेचा, पावसाळ्यात जे वर येईल ते वीतभर असतानाच कंदासकट उपटा, जुलै-ऑगस्टमध्ये तर दर आठ दिवसांनी. तोवर जुना कंद संपत आलेला असतो आणि नवा धरलेला नसतो, तीच वेळ साधायची. असं दोन पावसाळे करावं लागेल. उपटलेला पाला शेळीला टाका, आमची आवडीनं खाते. कंद मात्र उकिरड्यावर टाकू नका, नाहीतर पुढच्या वर्षी खतासोबत परत वाफ्यात येतील. आणि पुन्हा लावायची हौस आलीच तर विहिरीच्या जुन्या सिमेंटच्या कड्यात लावा, दोन फूट तरी खोल पुरून.