फ्रेंचमध्ये डोक्याला ‘तेत’, पण स्पॅनिशमध्ये ‘काबेसा’ असं का?

कारण ‘तेत’ मुळात डोकं नव्हतंच, मडकं होतं! या दोन्ही भाषा जिच्यातून निघाल्या त्या लॅटिनमध्ये ‘तेस्ता’ म्हणजे मातीचं भांडं किंवा खापर. डोक्याला रीतसर शब्द होता ‘कापुत’. पण बोलीत लोक थट्टेनं डोक्याला मडकं म्हणायला लागले, आणि फ्रेंच व इटालियनमध्ये हीच थट्टा रूढ झाली. इटालियन अजूनही ‘तेस्ता’च म्हणतात. फ्रेंचमधला ‘स’ गळाला. लिहिताना ‘ई’वर जी टोपी देतात, ती त्याचीच खूण.

स्पॅनिश ‘काबेसा’ कापुतच्या घराण्यातला. त्या भाषेत ‘तिएस्तो’ हा तेस्ताचा भाऊबंद आहे, पण तो राहिला कुंडीच्या अर्थानं. पोर्तुगीजमध्ये ‘तेश्ता’ म्हणजे कपाळ, रोमानियनमध्ये त्याच मुळाचा शब्द कवटीसाठी.

फ्रेंचमध्ये कापुतचं झालं ‘शेफ’, म्हणजे प्रमुख. हॉटेलातला शेफ तोच. डोक्याचा अर्थ उरला तो ‘कुव्र-शेफ’ म्हणजे शिरस्त्राण, टोपी यात.

आपल्याला यात नवल वाटायला नको खरं तर. संस्कृत ‘कपाल’ म्हणजे खापर, भिक्षापात्र आणि कवटीही. मराठीत त्याचं कपाळ झालं, थेट पोर्तुगीजांसारखं.