टर्बाइनच्या पात्याचा छेद आखण्यापूर्वी

बडोद्याच्या कलाभवनातील (अभियांत्रिकी महाविद्यालयातील) शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी वायू टर्बाइनच्या फिरत्या पात्याचा छेद तुम्ही आखणार आहात, म्हणून सुचवतो की नॅका ४४१२ सारखा विमानाच्या पंखाचा तयार आकार घेऊन तो वाकवत बसू नये. आधी बुंधा, मध्य आणि टोक येथील वेगत्रिकोण, म्हणजे वायूचा वेग, पात्याचा वेग आणि पात्याच्या सापेक्ष वायूचा वेग यांचे त्रिकोण, काढा; त्रिज्येबरोबर पात्याचा वेग वाढत असल्याने वायूचा प्रवेशकोन बदलतो आणि पात्याला पीळ द्यावा लागतो. पात्यांची संख्या ठरवताना झ्वायफेल गुणांक (पात्यावरील प्रत्यक्ष भाराचे आदर्श भाराशी गुणोत्तर) ०.८ च्या आसपास धरून सुरुवात करावी. खरी मेहनत मात्र दोन पात्यांमधल्या सर्वांत अरुंद वाटेवर घ्या, कारण किती वायू जाणार आणि कोणत्या कोनातून बाहेर पडणार, हे बव्हंशी तीच ठरवते. पुढच्या कडेचे वर्तुळ पात्याच्या पाठीच्या, म्हणजे फुगीर बाजूच्या, वक्राला जिथे मिळते, तिथे नुसती स्पर्शिका जुळवून भागत नाही. वक्रताही सलग हवी, नाहीतर दाबाच्या आलेखात नेमका तिथेच टोकदार सुळका उमटतो, आणि नवशिके त्याचा दोष उगाच संगणकाला देतात. मागची कड कागदावर हवी तितकी पातळ काढता येते, परंतु ओतकाम आणि उष्णता तिला तशी राहू देत नाहीत. म्हणून मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम जाणणाऱ्या कोणाला तरी किमान जाडी विचारून घ्या आणि मगच छेद पक्का करा.