तंत्रशंका : स्विच विकत घ्यावा की लॅपटॉपवरच नेटवर्क उभारावं?

प्रश्न : ऐरोलीतल्या एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. तीन सर्व्हर, दोन सबनेट (नेटवर्कचे वेगळे भाग) आणि मध्ये फायरवॉल अशी मांडणी घरी करून सर्व्हिस तपासायची आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे, रॅम १६ जीबी. २४ पोर्टचा जुना मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच स्वस्तात मिळतोय. घेऊन टाकू का? (एक वाचक, घणसोली)

उत्तर : नका घेऊ. रॅकमधल्या स्विचचे छोटे पंखे दिवसभर कर्कश आवाज करतात. वन-रूम-किचनमध्ये घरचेच तो बंद करायला लावतील. त्या पिढीतल्या कित्येक स्विचचे २४ पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, गिगाबिट फक्त अपलिंक (पुढच्या नेटवर्कला जोडायचे पोर्ट). आणि जोडायला तीन सर्व्हर कुठून आणणार?

तुमचं काम नेटवर्क नेमस्पेसवर (एकाच लिनक्स मशीनमधल्या वेगळ्या नेटवर्क कप्प्यांवर) भागतं, व्हीएम (आभासी मशीन) सुद्धा नकोत. प्रत्येक सर्व्हरला एक नेमस्पेस, फायरवॉलला एक, दर सबनेटला एक ब्रिज (सॉफ्टवेअरमधला स्विच). सर्व्हरची प्रत्येकी एक आणि फायरवॉलच्या दोन, अशा व्हीइथच्या (आभासी तारेची दोन टोकं) पाच जोड्या लागतील. आयपी फॉरवर्डिंग (पाकिटं एका सबनेटमधून दुसऱ्यात पाठवणं) फायरवॉलच्या नेमस्पेसमध्ये चालू करा आणि सर्व्हरना डिफॉल्ट रूट तिथलाच द्या. नव्या नेमस्पेसमध्ये लूपबॅक (स्वतःशीच बोलायचा आभासी इंटरफेस) बंद असतो, तोही चालू करायचा.

हमखास अडकायला होतं ते डॉकरमुळे (कंटेनर चालवणारं साधन). एआरपीला (आयपीवरून कार्डाचा मॅक पत्ता विचारणं) उत्तर येतं, पिंग मात्र जात नाही. डॉकर फॉरवर्ड चेनचं (पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांची यादी) धोरण ड्रॉप करून ठेवतो. त्यात बीआर-नेटफिल्टर मॉड्यूल लोड असेल, तर तुमच्या ब्रिजवरची पाकिटंही त्याच चेनमधून जातात आणि गळतात. होस्टचे (मूळ लॅपटॉपचे) नियम ढवळू नका, डॉकरच बिघडेल. ब्रिजच वेगळ्या नेमस्पेसमध्ये ठेवा. तिथे आयपीटेबल्स (फायरवॉलच्या नियमांची यादी) कोरी असते.

लांबच्या डेटा सेंटरची नक्कल हवी असेल तर नेटेम (उशीर आणि लॉस मुद्दाम लावणारं लिनक्सचं साधन) वापरा. तो फक्त बाहेर जाणाऱ्या पाकिटांना उशीर लावतो, म्हणून ८० मिलिसेकंदांचा राउंड ट्रिप हवा असेल तर दोन्ही टोकांना ४०-४० द्या. १ टक्का लॉस लावण्याआधी ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ (डेटा मोठ्या गठ्ठ्यानेच पुढे ढकलणाऱ्या सोयी) बंद करा. नाहीतर ६४ केबीपर्यंतचा गठ्ठा एक पाकीट म्हणून गळतो आणि आकडे भलतेच येतात. थ्रूपुटचे आकडे तर इथले धरूच नका. व्हीइथ मेमरीच्या वेगाने धावतो; खऱ्या गिगाबिट तारेवर आयपर्फ (वेग मोजणारं साधन) ९४० एमबीपीएसच्या आसपास थांबतो.

प्रश्न : आम्ही मशीनवरचा डेटा गोळा करणारं पीओईवर (नेटवर्कच्या तारेतूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारं उपकरण बनवतो. रीकनेक्टचा कोड व्हीएममध्ये तपासून झाला. तेवढं पुरे? (एक वाचक, वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : नाही. तुम्हाला ८ पोर्टचा मॅनेज्ड गिगाबिट पीओई स्विच घ्यावाच लागेल, आणि तो स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरा होऊ न देणारी सोय) असलेला बघून घ्या. ८०२.३एएफ या पीओई मानकात पोर्ट १५.४ वॉट देतो, पण लांब तारेनंतर उपकरणाला १२.९५ वॉटच धरायचे. सुरू होतानाचा विजेचा झटका यात बसतो का, हे कुठलाही व्हीएम सांगणार नाही.

मग तीन चाचण्या करा. पहिली : तार उपकरणाची नको, स्विचपासून सर्व्हरची काढा. उपकरणाचा लिंक दिवा पेटलेलाच राहतो आणि टीसीपीला काही कळत नाही. लिनक्सचा कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का विचारणारी सोय) चालू केला तरी मूळ सेटिंगने पहिली चौकशी २ तासांनी करतो, तेव्हा टाइमआउट तुमच्याच कोडमध्ये हवा. दुसरी : स्विचचा पोर्ट १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणं आणि घेणं) पक्का करा आणि उपकरण ऑटोवरच ठेवा. ते हाफवर (एका वेळी एकच) उतरतं. पिंग ठीक चालतं, मोठी फाइल मात्र रखडते आणि एररचे काउंटर वाढत जातात. तिसरी : जुना स्पॅनिंग ट्री चालू ठेवून वीज घालवा-आणा. पोर्ट सुमारे ३० सेकंद डेटा पुढे सोडत नाही, तेवढ्यात डीएचसीपी (आयपी पत्ता आपोआप मिळवायची पद्धत) क्लायंटने हार मानली तर उपकरण पत्त्याविना बसून राहतं. ग्राहकाच्या कारखान्यातला स्विच तुमच्या हातात नसतो, म्हणून डीएचसीपीचा प्रयत्न सोडूच नका.

सर्व्हरची बाजू आभासीच राहू द्या. एक यूएसबी इथरनेट अडॅप्टर नेमस्पेसमध्ये ढकला आणि स्विचला जोडा. वायफायवर ब्रिज करायला जाऊ नका. अ‍ॅक्सेस पॉइंट सहसा अनोळखी मॅक पत्त्याची पाकिटं घेतच नाही.