टाकी कोरडी दिसून राहिली

"सांगून केलं तर त्यात काय अर्थ? त्यांना आपणहून कळायला नको का?" जवळच्या माणसाकडे काही मागायचा विषय निघाला की समुपदेशनात बहुतेकदा हाच प्रश्न आधी येतो.

नागपूरच्या मानेवाडा भागातली एक जण, पतपेढीत नोकरी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). नवरा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. मे महिना, पारा 45च्या आसपास, पहिल्या मजल्यावरचं भाड्याचं घर आणि गॅलरीत नळ नाही. 60 लिटरचा कूलर म्हणजे 15 लिटरच्या 4 बादल्या, दिवसातून दोनदा. आठही बादल्या हीच वाहायची. कंबर धरली होती.

"मी त्यांना किती वेळा सांगितलं!" काय सांगितलं, ते शब्दशः आठवायला लावलं. "टाकी कोरडी दिसून राहिली." त्यावर नवरा म्हणाला होता, "हो नं, भरून टाक."

हे सांगणं नव्हतंच. सुचवलेलं कळलं नाही की राग साठतो, मग एक दिवस बादली आपटली जाते आणि नवऱ्याला वाटतं, एवढ्याशा पाण्यावरून काय हे!

वाक्य वहीत लिहून घेतलं. पहिल्या मसुद्यात "जमलं तर" होतं, "तुम्ही कधीच" होतं आणि सहा कारणं होती. पहिल्या दोन गोष्टी काढणं सोपं. कारणं मात्र कोणालाच काढवत नाहीत. पण प्रत्येक कारण खोडता येतं आणि बोलणं मागणीवरून कारणांवर घसरतं. एकच ठेवलं: "आठ बादल्यांनी माझी कंबर दुखते. रात्रीच्या चार मी भरते, सकाळच्या चार उद्यापासून तुम्ही भरा." हे मोठ्यानं, उभं राहून, दहा वेळा म्हणायचं. मनातल्या मनात केलेला सराव ऐन वेळी पुरेलच असं नाही. आणि बोलायचं ते तो पाळीवरून दारात पाय ठेवताच नाही, जेवण झाल्यावर.

"मी काय आराम करून राहिलो का?" हे उत्तर येणार, हे तिला ठाऊकच होतं. त्यासाठी: "तुम्हीही थकता, खरं आहे. तरी सकाळच्या चार तुम्ही भरा." आवाज न चढवता, तेच शब्द, फार तर तीनदा. तरीही उत्तर "नाही"च आलं, तर "मग यातलं काय जमेल?" नकाराला जागा नसेल तर तो हुकूम झाला. तिच्याकडे दुसरा पर्यायही तयार होता: मोरीच्या नळापासून गॅलरीपर्यंत 20 फुटांचा पाइप.

तो हो म्हणाला. तिसऱ्या दिवशी गॅलरीभर पाणी सांडलं आणि हिनं बादली हातातून घेतली: "ठेवा, तुम्हाला नाही जमत." बरीच घरं इथेच फसतात. काम सोपवलं की त्याची पद्धतही सोपवावी लागते. फरशी त्यानंच पुसायची. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी लागली, सकाळ हुकली. तिला वाटलं, झालं, पुन्हा तेच! खरं तर करारात पाळीचा विचारच नव्हता. त्या आठवड्यापुरत्या रात्रीच्या बादल्या त्याच्याकडे गेल्या.

कूलरच का निवडला? मागताना वाटणाऱ्या भीतीला 0 ते 10 अंक द्यायला लावले होते. कूलरला 4 मिळाले. ठामपणे बोलणं आणि भीती एका वेळी टिकत नाहीत, या विचारावर मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी 1958च्या सुमारास ठामपणे बोलायला शिकवण्याची उपचारपद्धत मांडली; म्हणून सुरुवात खालच्या पायरीवरून. मागितल्यावर मार किंवा धमकी मिळत असेल, तर मात्र ही पद्धत वापरू नये. तिथे आधी सुरक्षितता, आणि 181 ही महिला हेल्पलाइन.

रविवारी सकाळचा स्वयंपाक आपण करणार नाही, हे सासूबाईंना सांगायचं, याला तिनं 8 अंक दिले होते. मृग लागला, कूलरवर चादर पडली, तरी ते वाक्य वहीतच आहे. "जमलं तर" तेवढं खोडलं आहे.