लॉकचं मॉडेल 2 मिनिटात भरलं, मग खरं लॉक किती वेळात?

प्रश्न: जहाजं वर-खाली नेणाऱ्या नेव्हिगेशन लॉकचं 1:25 मॉडेल व्हिडिओत बघितलं, चेंबर (जहाज ज्यात थांबतं तो हौद) 2 मिनिटात भरलं. मग खऱ्या लॉकला 25 पट, म्हणजे 50 मिनिटं लागणार का? आणि आता हे सगळं कॉम्प्युटरवर होत नाही का?

उत्तर: नाही हो, 50 नाही, साधारण 10 मिनिटं. पाणी इथे गुरुत्वाकर्षणाने पळतं म्हणून फ्रूडचा नियम लावतात, त्यात वेळ 25 पट नाही तर 25 च्या वर्गमुळाने म्हणजे 5 पटच वाढते, पाण्याचा वेगही 5 पट. बल मात्र 15,625 पट होतं, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण नुसतं भरायचंच असतं तर व्हॉल्व्ह धाडकन उघडला की झालं, पण मग चेंबरमध्ये लाट पुढे-मागे फिरते, पाणी एका बाजूला चढतं आणि जहाज त्या उताराकडे घसरून दोरांना हिसके देतं. म्हणून मॉडेलमधलं जहाज बांधून त्याला बसणारा ओढा मोजतात. तिथे 100 ग्रॅमचा ओढा दिसला तर खऱ्या जहाजावर तो दीड टनाच्या वर जातो! मग व्हॉल्व्ह किती सावकाश उघडायचा, कल्व्हर्टची (चेंबरमध्ये पाणी आणणाऱ्या बोगद्याची) भोकं कुठे ठेवायची, हे बदलून बदलून बघत बसायचं. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते मॉडेलचे पैसे यातच वसूल होतात.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर तो वापरतातच, कल्व्हर्टमधला प्रवाह तो छान सांगतो, पण भोकांतून उसळणारं पाणी आणि त्यावर डुलणारं जहाज हे प्रत्यक्ष बघितलेलं बरं. पनामाच्या 2016 मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकसाठीसुद्धा (चेंबर 427 मीटर लांब, 55 मीटर रुंद) गणितं तर केलीच, शिवाय फ्रान्समध्ये 1:30 मॉडेल बांधलं होतं.

आता वर 'साधारण' का म्हटलं ते. मॉडेलच्या छोट्या कल्व्हर्टमध्ये घर्षण प्रमाणाबाहेर जास्त लागतं, त्यामुळे खरं लॉक हिशोबापेक्षा थोडं लवकरच भरतं, म्हणजे ती 10 मिनिटंही थोडी जास्तच धरलीत समजा. आणि हवेचा दाब काही 25 पट लहान करता येत नाही, सो व्हॉल्व्हमागे खऱ्या लॉकमध्ये पोकळीचे बुडबुडे होऊन काँक्रीट आणि लोखंड खाल्लं जाऊ शकतं ते साध्या मॉडेलमध्ये दिसतच नाही, तिथला दाब मोजून वेगळं गणित करावं लागतं. त्यामुळे व्हिडिओत व्हॉल्व्हमागे सगळं शांत दिसलं असेल तर त्यावर जाऊ नका.